अप्पांसाठी धरलेला शुक्रवार

मनात जळफळाट ठेवून प्रार्थनेला बसू नये, हे मला माहीत आहे. एस्तर अम्मा दर शुक्रवारी सांगतात. पण एस्तर अम्मांना धाकटी बहीण नाही, मला आहे.

कीर्तना तिचं नाव. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गेल्या दिवाळीनंतर ती पळून गेली, आणि पळाली ती कुणाबरोबर, तर केबलवाल्याबरोबर! त्या सुमाराला तंजावुरात घरोघर केबल टीव्ही येत होता. जिथे बघाल तिथे गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबत होत्या. मेलवीथीतल्या आमच्या घरी सतीशकुमार वायर ओढायला म्हणून आला आणि पोरगी ओढून घेऊन गेला. तो तमिळ, आम्ही तंजावूरचे मराठी, जात वेगळी, घर तिरुवैयारुला, बापाची केळीची बाग. अप्पांनी म्हणे दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मला बातमी कळली तेव्हा खरं सांगते, वाईट मुळीच वाटलं नाही. मनात म्हटलं, चला, आता बाहेर मी एकटी नाही.

आणि सहा महिने व्हायच्या आत अप्पांनी तिला घरात घेतलं!

मी किती वर्षं बाहेर आहे? माझी बेउला आता चौथीत आहे. ती जन्मायच्या आधीपासून मी बाहेर आहे. मी अखिला, तालुका ऑफिसातून रिटायर झालेल्या हनुमंतरावांची मोठी मुलगी. मिशनच्या शाळेत शिकवायला गेले आणि तिथल्या इतिहासाच्या मास्तरांशी, ज्ञानदुरैंशी लग्न केलं. चर्चमध्ये केलं, बाप्तिस्मा घेऊन केलं, चोरून काही केलं नाही. अप्पांनी एकच वाक्य सांगितलं, "ह्या उंबऱ्यावर परत पाय ठेवायचा नाही." आमचे अप्पा शब्दाचे पक्के. अम्मा गेली तेव्हासुद्धा मी समोरच्या कॉफीपुडीच्या दुकानाच्या पायरीवर उन्हात उभी होते. तिथूनच अम्माला नेताना बघितलं. अप्पांनी मान वर केली नाही.

आमच्या मंडळीतल्या बायका शुक्रवारी उपास करतात. सकाळपासून तीन वाजेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. मग एस्तर अम्मांच्या हॉलमध्ये प्रार्थना, आणि मग घरी जाऊन जेवण. एस्तर अम्मा म्हणजे आमच्या जुन्या पाद्रींच्या विधवा. त्या प्रत्येकीला विचारतात, तुझा विषय काय? कुणाच्या मुलाला नोकरी हवी असते, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी असते. बायकांचे विषय येतात, पुरे होतात. मग ती बाई पदर सावरून उभी राहते आणि साक्ष देते की देवानं माझं ऐकलं. सगळ्या मिळून स्तोत्र म्हणतात, आणि ती लगेच नवा विषय काढते! माझा विषय मात्र तोच. अप्पांना माझी दया येऊ दे, मला घरात बोलावू देत. हॉलमध्ये कुणी नवी बाई आली की एस्तर अम्मा तिला सांगायच्या, "ही अखिला. हिचे वडील." पुढचं सांगावं लागायचं नाही.

दर वेळी दुसऱ्याच्या साक्षीला टाळ्या वाजवून वाजवून माझे तळहात झिजले, असं मी एकदा आमच्या ह्यांना म्हटलं. हे हसले. "तू प्रार्थना करतेस का फिर्याद?" म्हणाले. ह्यांचं काय जातं? ह्यांचा बाप जिवंत असेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन चहा पीत होता.

कीर्तनाला घरात घेतलं हे मला कुणी सांगितलं असेल? त्याच कॉफीपुडीच्या दुकानातल्या माणसानं. मी पूड घ्यायला गेले होते. तो पुडी बांधताना म्हणाला, "अम्मा, तुमच्याकडे आनंद आहे वाटतं. धाकटी मुलगी स्कूटरवरून येऊन-जाऊन असते." मी म्हटलं, "होव, आनंदच आहे." आणि घरी येईपर्यंत माझं डोकं नुसतं फणफणत होतं.

त्या शुक्रवारी एस्तर अम्मांनी तळ्याकाठच्या रोग्याची गोष्ट घेतली. बायबलातली. यरुशलेमात एक तळं होतं, त्याचं पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा व्हायचा. एक माणूस तिथे वर्षानुवर्षं पडून होता. उठायची ताकद नाही. तो सरपटत निघेपर्यंत दरवेळी दुसराच कुणीतरी आधी उतरायचा. शेवटी येशू आला आणि त्यानं पाण्यावाचूनच त्याला उठवलं. एस्तर अम्मा म्हणाल्या, "बघा, देव दया करायला उशीर करत नाही. वेळ त्याची असते, आपण ती आपल्या घड्याळात शोधतो."

मी म्हटलं, "अम्मा, जो पहिला उतरला त्याच्याबद्दल बायबल काय सांगतं?"

"त्याचं काय?"

"तो कालच आलेला असेल तर? घरून जेवूनखावून आलेला, नुसता खरचटलेला? त्याला पाणी मिळालं, आणि हा तिथेच पडलेला. ह्याच्या पोटात काय झालं असेल, ते कुठे लिहिलंय?"

एस्तर अम्मा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कीर्तना आली वाटतं घरी." म्हणजे कॉफीपुडीवाल्यानं सगळ्या गावालाच पूड विकली होती!

मग काही महिन्यांनी ती स्वतःच आली. मानंबूचावडीतल्या आमच्या घरासमोर स्कूटर थांबली, आणि पोट सांभाळत, एका हाताने कमर धरून उतरली. सातवा लागलेला. रंग उजळलेला, गाल भरलेले. हातात तिरुवैयारुच्या अशोका हलव्याचा डबा. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा, मी फोन करते," आणि कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथकडे बोट दाखवलं. तो बिचारा मला वाकून नमस्कार करून गेला. पोरगा वाईट नाही, आणि तेच तर खटकतं.

"अक्का, शुक्रवारी माझं वळैकाप्पू. तू यायचंस."

वळैकाप्पू म्हणजे आमच्या इकडचं गर्भारणीला बांगड्या भरायचं. तमिळ लोकांचा सोहळा, पण आमच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतो. अम्माचं झालं, काकीचं झालं. माझं? माझ्या वेळी शेजारच्या ग्रेस टीचरने सहा बांगड्या आणून दिल्या आणि आम्ही दोघींनी चहा घेतला.

"कुठे?" मी विचारलं.

"घरी. आपल्या घरी."

आपल्या घरी! कशी पटकन म्हणाली.

"अप्पांना माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"अप्पांनीच सांगितलं. म्हणाले, पहिली बांगडी मोठ्या बहिणीनं भरायची असते. अम्मा नाही, आणि वेंकूअत्या..." ती थांबली. वेंकूबाई अत्या आमच्या अप्पांची बहीण, तरुणपणीच विधवा झालेली, घर तिनेच सांभाळलेलं. तिनं बांगडी भरायची नाही, असं तिचं तिनंच ठरवलेलं.

"म्हणजे सवाशीण कमी पडली म्हणून माझी आठवण झाली."

"अय्यो अक्का! तुला केळीच्या पानावरसुद्धा काटा दिसतो."

"आणि शुक्रवारी माझा उपास असतो."

"कसला?"

"अप्पांसाठी धरलाय. त्यांना माझी दया यावी म्हणून. अम्मा होती तेव्हापासून."

तिनं डब्याचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं. "अप्पांसाठी उपास करतेस, आणि अप्पांकडे येत नाहीस?"

"बोलावल्याशिवाय?"

"मला कुठे कुणी बोलावलं होतं? मी गेले, दारात उभी राहिले आणि रडले."

"मी नाही दारात रडत."

"माहीत आहे," कीर्तना म्हणाली. मग हलक्या आवाजात, जणू मला खूश करायला म्हणून, तिनं ते सांगितलं. "मी दारात उभी होते ना, तेव्हा अत्या म्हणाली, हिला घेऊ नको हनुमंता, मोठीला एक न्याय आणि हिला एक का? तर अप्पा म्हणाले, मोठीला बाहेर ठेवून बघितलं. नाही जमलं. आता परत नाही होणार माझ्याच्यानं. आणि मला आत घेतलं. तुझ्यामुळे घेतलं, अक्का."

तिला वाटलं, मला बरं वाटेल. बरं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हात बसवला माझ्यावर, आणि दया केली हिच्यावर. मी इतकी वर्षं बाहेर राहिले, ते हिचा रस्ता गुळगुळीत करायला. लोक म्हणत होते की कीर्तनानं निदान देव तरी सोडला नाही. तेही मी ऐकून घेतलं होतं. पण हे नवीनच. देवाला माझे शुक्रवार पोचले होते तर! फक्त पत्ता चुकून धाकटीकडे गेले.

"हलवा खा ग," ती म्हणाली.

"मला गोड नको." मी बेउलासाठी ठेवला, आणि ती गेल्यावर उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले. चांगला होता मेला.

आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "जा. इतकी वर्षं मागत होतीस ना?"

"मी बोलावणं मागत होते. हे बोलावणं नाही, हे बांगडी भरायचं काम आहे."

"आणि उपास?"

"ठेवणार."

"जेवायला बोलावलंय, आणि उपास करून जातेस?"

"तीन वाजता जेवेन."

"मेलवीथीत तीन वाजता पंगत कोण बसवतं?" हे म्हणाले. पण माझं ठरलं होतं. बाळंतपणाचे दिवस सोडले तर एक शुक्रवार मी मोडला नव्हता. नेमका हाच मोडला, आणि अप्पांनी तोंड फिरवलं तर? मग जन्मभर मला वाटत राहील की मीच मोडला म्हणून. देवाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही, असं मी ठरवलं.

शुक्रवारी ह्यांनी मोपेडवरून मला कोपऱ्यावर सोडलं आणि शाळेत गेले. मी रेशमी पट्टू साडी नेसले होते. उंबऱ्याशी आले आणि थांबले. दारात आंब्याचं तोरण, आत बायकांचा कलकलाट. कीर्तनानं आतून बघितलं आणि "अक्का आली!" म्हणून ओरडली, म्हणून मी आत गेले. नाहीतर परत फिरले असते.

हॉलमध्ये हा एवढा मोठा रंगीत टीव्ही! माझ्या वेळी अप्पा साधा ट्रान्झिस्टर लावू देत नव्हते, पोरी बिघडतात म्हणून. जावई केबलवाला मिळाला आणि टीव्ही आला. त्यावर टेबलक्लॉथसुद्धा विणून घातलेलं. मी त्या टेबलक्लॉथवरही चिडले.

अप्पा कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना रस्त्यात लांबून बघत असे, पण इतक्या जवळून नाही. गळ्याची हाडं वर आली होती. सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अत्याला म्हणाले, "वेळ होते आहे, सुरू करा." मला काही बोलले नाहीत. ये नाही, बस नाही.

अत्या चंदनाची वाटी आणि कुंकवाची डबी घेऊन सगळ्यांना लावत आली. माझ्यासमोर थांबली. माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, डबीचं झाकण लावलं आणि नुसतं चंदन लावलं. हलक्या हातानं लावलं. मला वाटलं होतं, टोमणा मारेल. नाही मारला.

मग बांगड्या. कीर्तना पाटावर बसली होती, फुलांनी मढलेली. मी पहिली हिरवी बांगडी घेतली. तिचा हात सुजलेला, बांगडी जाईना. मी ढकलली. मनात काय होतं कोण जाणे, जरा जास्तच ढकलली, आणि ती काचेची, पिचली. बांगडी फुटणं चांगलं नव्हे. कीर्तनानं झटकन मूठ मिटून तुकडे लपवले आणि मोठ्यानं म्हणाली, "अत्या, मी हात हलवला. दुसरी द्या." तिनं मला सगळ्यांसमोर वाचवलं, आणि मला त्याचाही राग आला. चांगुलपणासुद्धा हिनंच करायचा का?

दुसरी नीट गेली. मग बाकीच्यांनी भरल्या.

पानं मांडायला घेतली तशी मी मागच्या अंगणाकडे सटकायला लागले. कामात आहे असं दाखवायचं, पंगत उठेपर्यंत भांडी विसळायची, आणि तीन वाजता काहीतरी तोंडात टाकून घरी जायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अखिलाला पान मांडा."

अप्पांचा आवाज. माझं नाव त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. मग अत्यानं मला खांद्याला धरून कीर्तनाच्या शेजारी बसवलं. बघते तो अप्पा कमरेला पंचा खोचून स्वतः वाढायला निघालेले, हातात रसवांगीचं, वांग्यांच्या आमटीचं पातेलं. अम्मा गेल्यापासून त्यांनी पंगतीत वाढलं नव्हतं, असं शेजारची बाई कुजबुजली. चिंच, खोबरं, मसाला. त्या वासानं माझ्या रिकाम्या पोटात कळ आली. त्यांनी आधी कीर्तनाला वाढलं, ते बरोबरच, सोहळा तिचा. मग माझ्याकडे वळले.

मी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

अप्पांचा डाव वरच राहिला. आमच्यात पानावर हात धरला म्हणजे नको. पोट भरलं असलं तर ठीक, पण रिकाम्या पानावर कोण हात धरतं?

"चालत नाही?" अप्पांनी विचारलं. इतक्या वर्षांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

"देवाला दाखवलेलं आहे ना," अत्या म्हणाली. "त्यांच्यात चालत नसेल हो. नको आग्रह करू, हनुमंता."

"चालतं," मी म्हटलं. "आज माझा उपास आहे."

"ख्रिस्तावांना कसला आलाय उपास!" अत्या म्हणाली.

सांगणार होते की नाही, मला माहीत नाही. पण शेजारी आमची कीर्तना बसली होती ना! तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

"अक्कानं तुमच्यासाठी धरलाय, अप्पा. दर शुक्रवारी. अम्मा होती तेव्हापासून."

"माझ्यासाठी? मला काय झालंय?"

मग मात्र माझा बांध फुटला. "तुम्हाला माझी दया यावी म्हणून! तुम्ही मला बोलवावं म्हणून! तिथे प्रार्थनेला नव्या नव्या बायका येतात, त्यांचं होतं आणि जातात, आणि मी आपली बसलेली. हिचं सहा महिन्यांत झालं. हिनं एक दिवस तरी उपास केला का विचारा!"

"नाही केला," कीर्तना म्हणाली. "मला भूक सहन होत नाही."

पंगतीत कुणीतरी हसलं. अप्पांनी पातेलं खाली ठेवलं. "सुटतो कधी?"

"तीनला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नुकते बारा वाजून गेले होते. मग भिंतीला हात टेकत, गुडघे कुरकुरत, ते माझ्या पानासमोर जमिनीवर बसले.

"मग मीही तीनला जेवतो."

"अरे साखरेच्या आजाराची गोळी घेतलीयस तू!" अत्या ओरडली. "गोळी घेऊन उपाशी राहिलास तर चक्कर येईल. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ते उगाच नाही. ऊठ!"

"हिनं इतके शुक्रवार काढले. मला एक दुपार जमेल."

"मग मी पण नाही जेवत," कीर्तना म्हणाली.

"तू गप्प जेव," अप्पा आणि मी एकदमच म्हणालो.

आणि ते बसले. लपवून काय करू? मला बरं वाटलं. बसू दे, म्हटलं. कळू दे रिकामं पोट म्हणजे काय ते. मी उन्हात उभी होते, तेव्हा ह्या घरातून कुणी पाणी तरी विचारलं का? बायका खाली माना घालून जेवत होत्या, ताकाचे भुरके ऐकू येत होते, आणि मी माझ्या कोऱ्या पानासमोर राणीसारखी बसले होते. एकदाचं अप्पांचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. कीर्तनाचा सोहळा, आणि अप्पा माझ्यासमोर.

पंगत उठली, बायका हात धुवायला गेल्या. कीर्तना मात्र पानावरून हलली नाही. तिनं चार घास खाल्ले होते, बाकी तसंच.

अप्पा हळूच म्हणाले, "तुला कसं बोलवायचं, ते मला येईना. ही आली, दारात उभी राहिली, मला सोपं पडलं. तू पण येशील म्हणून बघत होतो."

"तुम्हीच येऊ नको म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलं."

एवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. नाही झालं. "आणि अम्माच्या दिवशी? मी समोर उभी होते. तुम्ही बघितलंत मला?"

"बघितलं."

"मग?"

"त्याला माझ्याकडे उत्तर नाही, अखिला. त्या दिवशीचं तू मला माफ करशील असं काही मी केलेलं नाही."

बघा, काय झालं ते. इतकी वर्षं मी देवाकडे मागत होते की अप्पांना माझी दया येऊ दे. आणि आता अप्पा माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्याकडे दया मागत होते, आणि मला ती द्यायची नव्हती. मला ती हातात धरून ठेवायची होती. तीन वाजेपर्यंत, पुढच्या शुक्रवारपर्यंत, बेउला कॉलेजात जाईपर्यंत. त्यांनाही कळू दे, दुसऱ्याच्या मर्जीवर ताटकळत बसणं काय असतं. एस्तर अम्मा म्हणतात, वेळ देवाची असते. पण ह्या घटकेला ती माझ्या हातात होती. आणि माझ्यासारख्या जळकुट्या बाईच्या हातात देवानं ती का दिली, ते त्यालाच ठाऊक.

अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता, तरी आला होता. त्यांनी हात मांडीखाली सरकवले, पण मला दिसलं, बोटं थरथरत होती. अत्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. घड्याळात दीडसुद्धा वाजला नव्हता.

मला राग येतच होता. तो गेला होता असं कुणी समजू नये. पण मी पानावरचे हात काढून घेतले.

"वाढा, अप्पा."

"तीन नाही वाजले."

"माहीत आहे. वाढा. आणि तुमचंही पान मांडायला सांगा."

अत्या धावली. अप्पांनी पातेलं ओढून घेतलं, डाव बुडवला. थोडा रस जमिनीवर सांडला. तेवढ्यात शेजारून कीर्तनानं आपलं पान पुढे सरकवलं. "अप्पा, मला पण अजून थोडी." आणि अप्पांचा हात सवयीनं तिकडे वळला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आधी मला," मी म्हटलं.

अप्पांनी आधी मला वाढलं.